ब्रिनाल्बांच्या नावाला ओ

पियानफोस्को गावात माणूस कधीही मरतो, पण घर मरतं ते दोन नोव्हेंबरलाच. त्या दिवशी दुपारी सगळा गाव दफनभूमीत जमतो. ज्याच्या त्याच्या कबरीपाशी ज्याचा तो उभा राहतो, पायाशी शेवंतीच्या कुंड्या आणि लाल काचेतले दिवे. फादर प्रार्थना म्हणतात. मग चर्चचा घंटेकरी जुनी वही उघडतो आणि एकेका घराचं आडनाव पुकारतो. हाक मेलेल्यांना मारायची आणि ओ जित्यानं द्यायची, अशी रीत आहे. ओ आली की घंटेकरी पुढच्या नावाकडे वळतो. नाही आली तर दुसऱ्यांदा पुकारतो, मग तिसऱ्यांदा. तिन्ही हाका रित्या गेल्या की खिशातली तांबडी पेन्सिल काढतो आणि सगळ्यांच्या देखत त्या नावावर रेघ ओढतो. ते नाव मग पुन्हा डोंगरात ऐकू येत नाही.

लग्न झालेली बाई नवऱ्याच्या घरच्या कबरींपाशी उभी राहते. कागदावर तिचं माहेरचं नाव मरेपर्यंत टिकतं, पण त्या दिवशी माहेरच्या हाकेला तिनं ओ द्यायची नसते.

आदेल्मा ब्रिनाल्बा बाप गेल्यापासून एकटीच ओ देत आली होती. छत्तीस वर्षं. उंच, वाळक्या फांदीसारखी बाई, डोक्याला काळा रुमाल, आवाज मात्र पुरुषासारखा भरदार. तिची ओ दफनभूमीच्या भिंतीवर आपटून परत यायची.

ब्रिनाल्बा हे आडनाव खोऱ्यात दुसरीकडं कुठं नाही. डोंगर उतरून गेलं तर मोस्कार्दी पसाभर भेटतात, बेर्गोन्झी मूठभर, ब्रिनाल्बा एकही नाही. पोस्टमन आन्सेल्मोला अशा गोष्टींचा नाद. शहरातल्या मोठ्या कचेरीत देशभरातली टेलिफोनची पुस्तकं असत, ती त्यानं एका उन्हाळ्यात चाळून काढली आणि धापा टाकत तिच्या दारात आला.

"आदेल्माबाई, अख्ख्या इटलीत तुमच्या नावाचं दुसरं कुत्रंसुद्धा नाही हो!"

"कुत्रं असतं तर पाळलं असतं," ती म्हणाली, आणि त्याच्या हातातलं विजेचं बिल घेऊन तिनं दार लावून घेतलं.

दार लावल्यावर मात्र ती बराच वेळ तिथंच उभी राहिली.

लहानपणी या नावाचा तिला फार ताठा होता. चुलीपुढं बसून चेस्टनट सोलता सोलता आजी सांगायची, आपल्या घराचा मूळ पुरुष एक कप्तान होता. हिवाळ्यातल्या एका पहाटे तो घोड्यावरून गावात आला. रात्रभर डोंगर चढून त्याच्या मिशांवर दहिवर गोठलं होतं. ब्रिना म्हणजे गोठलेलं दहिवर आणि आल्बा म्हणजे पहाट. गावानं त्याला तेच नाव दिलं. घोडा कुठल्या रंगाचा होता, असं आदेल्मा दर वेळी विचारायची आणि आजी दर वेळी वेगळा रंग सांगायची. आजीला ही गोष्ट आजोबांनी, बातिस्तांनी, सांगितलेली. आजोबांचा बाप फेलिचे बायको आणि पाच वर्षांचं पोर मागं ठेवून जहाजानं आर्जेन्टिनाला गेला होता आणि परत आला नव्हता. पण त्याच्याबद्दल घरात कुणी बोलत नसे. बोलायला कप्तान होता ना.

आदेल्माचा बाप एजिदियो चर्चचा घंटेकरी. आई लवकर गेली. थोरला भाऊ रेन्झो बेल्जियमच्या कोळशाच्या खाणीत गेला आणि तिथंच गाडला गेला. त्याचा एक फोटो तेवढा घरी आला. उरले बाप आणि लेक. बाप घंटा वाजवी, लेक चर्च झाडी, फादरांचे झगे शिवी, पितळी मेणबत्तीदाण्या राखेनं घासी. चर्चच्या किल्ल्या त्यांच्याच घरी खुंटीवर असत.

ती चोविसाव्या वर्षी गिरणीवाल्या ओरेस्ते मोस्कार्दीच्या नजरेत भरली. खरं सांगायचं तर तोच आधी तिच्या नजरेत भरला होता, पण तसं बोलायची रीत नाही. मोस्कार्दींची पाण्यावर चालणारी गिरणी, तिच्यात सगळ्या गावाच्या चेस्टनटचं पीठ व्हायचं. ओरेस्ते भुवयांपर्यंत पिठानं पांढरा होऊन रविवारी प्रार्थनेला यायचा.

"मूर्ती कोपऱ्यात ठेवायची असती, दारात नाही," ती त्याला झाडूनं बाजूला सारत म्हणायची.

"झाडणारीण अशी असंल तर मूर्तीला पाय फुटतात," तो म्हणायचा.

असं वर्षभर चाललं. मग त्याची आई झेलिंदाबाई एका संध्याकाळी अंड्यांची टोपली घेऊन एजिदियोच्या घरी आली, आणि टोपली घरी ठेवून गेली. टोपली ठेवली म्हणजे मागणी घातली. उरलं ते वही उघडणं.

आमच्याकडे लग्नाची घोषणा चर्चमध्ये व्हायच्या आधीच्या रविवारी दोन्हीकडची वडीलधारी माणसं फादरांच्या घरी जातात. फादर बाप्तिस्म्याच्या जुन्या वह्या काढतात आणि दोन्ही घरांची माणसं मागं मागं जात बघतात, थेट मुळापर्यंत. कुणी कुणाची खोट काढायला बघत नाही. आपण कोणाचे कोण ते एकदा मिळून वाचायचं, पेला पेल्याला लावायचा आणि उठायचं. गावात एखाद्याची सोयरीक ठरली का असं विचारायचं तर "वही उघडली का?" असंच विचारतात.

रविवारी वही उघडायची होती. गुरुवारी दुपारी आदेल्मा फादरांच्या खोलीतली धूळ पुसत होती. फादर सेव्हेरो एका आजाऱ्याकडे गेले होते. तिच्या मनात आलं, आपला कप्तान कुठल्या पानावर आहे ते आधीच बघून ठेवावं. झेलिंदाबाईंपुढं फादरांना चाचपडावं लागू नये. पान उघडावं आणि कप्तान हजर. तिनं वही काढली. लॅटिन तिला घंटेकऱ्याच्या लेकीला येईल एवढं येत होतं. ती बोटानं ओळी चाचपत मागं गेली: स्वतः, बाप, आजोबा. आणि मग अठराशे एकोणसाठ सालचं पान.

तिथं कुणा जुन्या फादरांनी बारीक अक्षरात लिहिलं होतं: जानेवारीची बारा तारीख. पहाटे चर्चच्या पायरीवर एक मुलगा सापडला, दोनेक दिवसांचा. चेस्टनटच्या पोत्यात गुंडाळलेला. पोत्यावर दहिवर गोठलं होतं, पोर आतून ऊबदार होतं. आईबाप अज्ञात. नाव फेलिचे ठेवलं. आडनाव त्या वेळेवरून दिलं, ब्रिनाल्बा. दूध पाजण्यासाठी गिरणीवाले मोस्कार्दी यांची पत्नी लुचीया हिच्याकडे सोपवला. तिनं मोबदला घेतला नाही.

आदेल्मानं ते तीनदा वाचलं. घोडा नव्हता. मिशा नव्हत्या. एक पोतं होतं, आणि ज्या घरात ती सून म्हणून जाणार त्या घरानं दयेनं पाजलेलं दूध होतं. तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. रविवारी झेलिंदाबाई त्या ओळीवर बोट ठेवणार आणि जन्मभर जेवायला वाढताना ते बोट आपल्याला दिसत राहणार, असं तिला वाटलं. चेस्टनट सोलायची वाकडी सुरी तिच्या एप्रनच्या खिशात होती. तिनं पान मुळाशी कापलं, घडी घातली, वही जागेवर ठेवली आणि उरलेली धूळही पुसली.

रविवारी आदेल्मा रीतीप्रमाणे बाहेरच्या बाकावर बसली होती. दार उघडं होतं. पानं उलटल्याचा आवाज येत होता, मधेच बापाचं हसणं. मग आवाज थांबला. झेलिंदाबाईंनी वही स्वतःकडे ओढली होती. त्या बोट फिरवत होत्या, पण ओळीवरून नव्हे. दोन पानांच्या मधल्या कापलेल्या कडेवरून, वरून खाली, पुन्हा खालून वर. मग त्यांनी वही मिटली.

"फादर, मला जरा पाणी द्या," त्या म्हणाल्या. पाणी प्यायल्या, तोंड पुसलं आणि उभ्या राहिल्या. "आम्हाला आता काही बघायचं नाही."

बाहेर येताना त्यांनी आदेल्माकडे एकवार पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. सोमवारी अंड्यांची रिकामी टोपली परत मागायला माणूस आला.

एजिदियो कितीतरी दिवस जेवताना मधेच थांबायचा. "माझ्या लेकीत काय कमी दिसलं गं त्यांना?" तो ताटाला विचारायचा. "पान गेलं, उंदरांनी खाल्लं असंल. त्यात आपला काय दोष?" आदेल्मा त्याच्या पुढ्यात सूप ठेवायची. सोळा वर्षांनी तो मेला तो ते न कळताच. सांगायला सोळा वर्षं होती. रोज संध्याकाळी ती दोघं एकाच टेबलाशी बसत होती.

ओरेस्तेनं दोन वर्षांनी खालच्या खोऱ्यातली मुलगी केली, नीव्हेस नावाची, हसरी आणि ठेंगणी. दोन मुली झाल्या, मोठ्या होऊन शहरात गेल्या. आदेल्मानं लग्न केलं नाही. नंतर एकदोन टोपल्या आल्या, पण वही उघडायची वेळ यायच्या आधीच तिनं त्या परत केल्या. त्यामुळं एक उलटंच घडलं. ती मोस्कार्दींच्या घरी गेली असती तर ब्रिनाल्बा हे नाव बापाबरोबरच तांबड्या रेघेखाली गेलं असतं. ज्या कापलेल्या पानानं तिचं लग्न मोडलं त्यानंच ते नाव डोंगरात टिकवलं. दर दोन नोव्हेंबरला ओ देताना हे तिच्या मनात यायचं, आणि ओ आणखी मोठी निघायची.

पान तिनं रेन्झोच्या फोटोच्या मागं, पुठ्ठ्याच्या आत ठेवलं होतं. जाळायला तिचा हात धजला नाही. चर्चच्या वहीतलं पान चुलीत कसं घालायचं?

पहिलं पत्र आलं ते ती अडुसष्ट वर्षांची असताना. आन्सेल्मो ते दोन्ही हातांत धरून आला, जणू कोंबडीचं पिल्लू.

"बाई! बघा, बघा! पाठवणाऱ्याचं नाव बघा!"

पाकिटाच्या मागं लिहिलं होतं: नाझारेनो ब्रिनाल्बा, आर्जेन्टिना.

पत्र चर्चच्या नावानं होतं. तोपर्यंत गावाला स्वतःचा फादर उरला नव्हता. फादर लूका नावाचे तरुण पाच गावं सांभाळायचे आणि आमच्याकडे पंधरा दिवसांनी उगवायचे. चर्चच्या किल्ल्या आणि वह्या आदेल्माच्याच ताब्यात. पत्र मोडक्यातोडक्या इटालियनमध्ये होतं. माझा पणजा फेलिचे ब्रिनाल्बा तुमच्या गावचा, असं आम्ही ऐकत आलो. त्याच्या बाप्तिस्म्याचा दाखला मिळाला तर माझ्या मुलांना तुमच्या देशाच्या नागरिकत्वाचे कागद मिळतील. इकडे या नावाची आम्ही एकेचाळीस माणसं आहोत. गहू करतो, ट्रक चालवतो, एक दंतवैद्य आहे. नावाचा अर्थ कुणालाच ठाऊक नाही. कुणी म्हणतं एखादा संत असेल.

एकेचाळीस. आदेल्मा तो आकडा घेऊन घरभर फिरली. तिच्या पणजोबानं तिकडे दुसरा संसार मांडला होता तर, आणि तो असा फोफावला होता.

पण दाखला द्यायचा म्हणजे पान दाखवायचं. पान दाखवायचं म्हणजे ते कुठं होतं हे सांगायचं. चर्चच्या वहीवर सुरी चालवणारी, आणि तरी चव्वेचाळीस वर्षं त्याच चर्चच्या किल्ल्या कमरेला लावून फिरणारी. तिनं फादर लूकांना सांगितलं, "ते पान वहीत नाही." खोटं नव्हतं ते. फादरांनी तसंच कळवलं.

दुसऱ्या वर्षी पुन्हा पत्र आलं: परत एकदा शोधाल का? कदाचित दुसऱ्या वहीत असेल. तिनं उत्तर दिलं नाही. तिसरं पत्र आणखी दोन वर्षांनी आलं आणि ते फार लहान होतं: दाखला नसला तरी चालेल. माझं वय झालं. मला एवढंच सांगा, तो खरोखर तुमच्या गावात होता का?

ते पत्रही तिनं रेन्झोच्या फोटोमागं ठेवलं.

आणि मग दोन हजार सहा सालचा दोन नोव्हेंबर आला. घंटेकरी तूल्लियोनं बेर्गोन्झींचं नाव पुकारलं. म्हातारा बेर्गोन्झी उन्हाळ्यात गेला होता, मुलगा कॅनडात. ओ आली नाही. तूल्लियोनं दुसऱ्यांदा पुकारलं. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. तिसऱ्यांदा पुकारलं तेव्हा तूल्लियोचा आवाज चिरकला, कारण म्हाताऱ्यानंच त्याला घंटा वाजवायला शिकवलं होतं. मग तांबडी पेन्सिल वहीवर फिरली. तो आवाज फार बारीक असतो, पण त्या दिवशी वारा नव्हता आणि तो सगळ्यांना ऐकू आला. दोनच नावांनंतर ब्रिनाल्बा. आदेल्मानं ओ दिली, पण ती भिंतीपर्यंत पोहोचली नाही.

त्याच आठवड्यात तिनं फोटोचा पुठ्ठा उचकटला. पिठाची खळ केली, चेस्टनटच्याच पिठाची, आणि पान वहीत जिथलं तिथं चिकटवलं. फादर लूका आले तेव्हा वही त्यांच्यापुढं उघडून ती म्हणाली, "हे मी कापलं होतं. पंचावन्न साली. काय प्रायश्चित्त सांगायचं ते सांगा."

फादरांनी पान वाचून काढलं. "आदेल्माबाई, माझ्याकडे पाच गावं आहेत आणि चार चर्चची छपरं गळतात," ते म्हणाले. "पान परत आलं. आता ज्याला ते हवं होतं त्याला लिहा."

तिनं लिहिलं. पानाची छायाप्रत काढून आणवली, दाखला जोडला, आणि खाली स्वतःच्या हातानं चार ओळी लिहिल्या: तो इथं होता. उशीर माझ्यामुळं झाला. आमच्याकडे दोन नोव्हेंबरला घरांची नावं पुकारतात. तुम्ही किंवा तुमच्यापैकी कुणीही यावं. मी आहे तोवर रीत दाखवीन. मी नसेन तेव्हा ओ द्यायला कुणी असावं.

टपाल जायला यायला वेळ लागतो. हिवाळा गेला, बर्फ उतरलं, कोकिळा येऊन बोलून गेली. जूनमध्ये उत्तर आलं, पण अक्षर वेगळं होतं. ग्रासिएला नावाच्या बाईनं लिहिलं होतं, नाझारेनोची लेक. वडील तीन वर्षांपूर्वी गेले. तुमच्या गावाचा एक नकाशा त्यांनी स्वयंपाकघरात टाचून ठेवला होता, तो अजून तिथंच आहे. शेवटी शेवटी ते म्हणायचे, आपण बहुतेक कुठूनच आलो नाही. कागदांची आता गरज नाही, मुलांनी आपापलं बघितलं. तिकडे येणं आम्हाला जमणार नाही. माफ करा. पण एक विचारते, आमच्या नावाचा अर्थ काय?

आदेल्मानं पत्र टेबलावर ठेवलं आणि त्यावर पालथा पेला ठेवला, वाऱ्यानं उडू नये म्हणून. ते तिथं चार महिने होतं.

ऑक्टोबरात चेस्टनट पडू लागले. पोटापुरते वेचून ती दरवर्षी ओरेस्तेच्या खोपीत सुकवायला द्यायची. दगडी खोपी, खाली धुमसता विस्तव, वर फळ्यांवर चेस्टनट. चाळीस दिवस धूर चालू ठेवावा लागतो. नीव्हेस जाऊन सहा वर्षं झाली होती. ओरेस्ते आता अठ्ठ्याहत्तरचा. दिवसभर खोपीतच बसायचा, धुरानं डोळे लाल. बावन्न वर्षांत त्या दोघांत चेस्टनटाखेरीज बोलणं झालं नव्हतं. यंदा किडके फार. यंदा पाऊस लांबला. एवढंच.

तिनं पोतं ठेवलं. त्यानं विस्तवात भुसा टाकला.

"पान परत आलं म्हणे," तो म्हणाला.

"कुणी सांगितलं?"

"तूल्लियोनं. त्याच्या तोंडात दात राहत नाहीत, तिथं बातमी कशी राहील?"

ती दाराच्या उंबऱ्यावर बसली. "त्या पानावर काय होतं ते ठाऊक होतं तुला?"

"गावात कुणाला ठाऊक नव्हतं?" ओरेस्ते म्हणाला. "तुझ्या आजोबानं कप्तान उभा केला तेव्हा सगळं गाव मान डोलवत राहिलं. बाप सोडून गेलेलं पोर ते. त्याला निदान एक कप्तान तरी असू दे, असं आमची माणसं म्हणायची. कुणी त्याच्या तोंडावर हसलं नाही."

धूर उंबऱ्याकडे आला. आदेल्मानं तोंड फिरवलं नाही.

"मग तुझी आई उठली का?"

"आई ती ओळ बघायलाच आली होती." त्यानं काठीनं विस्तव सारखा केला. "लुचीयाची. आमच्या घरात ती गोष्ट सणासारखी सांगायचे. पणजीनं स्वतःच्या पोराबरोबर दुसऱ्या अंगाला ब्रिनाल्बांचं पोर पाजलं. आई आठवडाभर म्हणत होती, ती ओळ मी एजिदियोला वाचून दाखवणार, म्हणणार, बघ, आपण आधीपासूनच सोयरे. आणि बघते तर पान सुरीनं कापलेलं. किल्ल्या तुमच्या घरी. आई काय खुळी होती? म्हणाली, त्यांना आपल्या दुधाची लाज वाटते. अशा घरची पोर नको."

आदेल्मा आपल्या हातांकडे बघत राहिली. चेस्टनटच्या काट्यांनी बोटं काळी पडली होती.

"आणि तू?"

"मी सव्वीस वर्षांचा बैल होतो. आई म्हणाली दुधाची लाज वाटते, मला वाटलं तुला माझीच वाटते."

"एकदा विचारायचंस."

"एकदा सांगायचंस."

वर फळ्यांवर चेस्टनट तडकत होते. मग त्यानं राखेतून चार भाजलेले चेस्टनट काढले, फुंकले आणि पुढं केले. "घे. गरम आहेत." तिनं ते एप्रनच्या खिशात टाकले आणि उठली. घरी पोहोचेपर्यंत ते निवले. तिनं ते खाल्ले नाहीत आणि टाकलेही नाहीत.

त्या दिवशी तिनं पेला उचलून ग्रासिएलाला उत्तर लिहिलं. वाकडी झालेली अक्षरं पुन्हा पुन्हा गिरवली. लिहिलं: संत नाही. कप्तानही नाही. हिवाळ्यातली दहिवर गोठलेली पहाट, एवढाच अर्थ. त्या वेळी आपला माणूस पायरीवर मिळाला, पोत्यात. आत ऊब होती. दूध गिरणीवाल्यांच्या घरचं. हे तुमच्या एकेचाळीस जणांना सांगा. आपण कुठूनच आलो नाही असं कुणी म्हणू नये.

मग दोन नोव्हेंबर आला. आभाळ खाली उतरलेलं, डोंगराच्या कडा पुसलेल्या. आदेल्मानं बाप, आई, आजी, आजोबा यांच्या दगडांवरचं शेवाळ आदल्या दिवशीच घासलं होतं. रेन्झोच्या नावाचा नुसता दगड, खाली कुणी नाही, त्यालाही शेवंती ठेवली. पलीकडच्या रांगेत मोस्कार्दींच्या कबरींपाशी ओरेस्ते टोपी हातात धरून उभा होता. शेजारी त्याच्या दोन्ही मुली, शहरातून आलेल्या.

तूल्लियो पुकारत गेला आणि ओ येत गेल्या. कुणाची खणखणीत, कुणाची खोकल्यातून.

"ब्रिनाल्बा!"

आदेल्मानं ओ दिली नाही.

तिला ते ऐकायचं होतं. पुढच्या वर्षी, नाहीतर त्याच्या पुढच्या वर्षी, या जागेवर जी शांतता उभी राहणार ती कशी असेल, ते एकदा कानांनी ऐकून घ्यायचं होतं. तिनं ती ऐकली. कुठंतरी दिव्याची वात चरचरली. बापाच्या दगडावर एक थेंब पडला.

तूल्लियोनं वहीवरून मान वर करून तिच्याकडे पाहिलं. "मावशी?" तो हलकेच म्हणाला. ती त्याच्याकडे बघत होती, पण ओठ मिटलेले होते. त्यानं घसा साफ केला.

"ब्रिनाल्बा!"

माना वळल्या. म्हातारीला ऐकू येईनासं झालं, असं कुणीतरी पुटपुटलं. आदेल्मा हलली नाही. तूल्लियोचा हात नकळत खिशाकडे गेला, पेन्सिलीशी थांबला.

"ब्रिनाल्बा!"

आणि त्याच क्षणी पलीकडच्या रांगेत कुणीतरी खोल श्वास घेतल्याचं तिला ऐकू आलं. तो श्वास तिनं ओळखला. पंचावन्न साली दर रविवारी चर्चच्या दारात तो तिच्या मागं ऐकू यायचा. ओरेस्तेची मान वर झाली होती, तोंड उघडलं होतं. मोस्कार्दीनं ब्रिनाल्बांच्या नावाला ओ द्यायची, असं गावात कधी झालं नव्हतं. तरी तो देणार होता.

"ओ!" आदेल्मा म्हणाली.

आवाज भिंतीवर आपटून परत आला. ओरेस्तेनं तोंड मिटलं आणि टोपी डोक्यावर घातली. तूल्लियोनं पेन्सिल खिशात सोडली आणि पुढचं नाव पुकारलं.

आदेल्मानं एप्रनच्या खिशात हात घातला. ते चार चेस्टनट तिथंच होते, दगडासारखे थंड. ते मुठीत धरून ती उरलेली सगळी नावं संपेपर्यंत उभी राहिली.